झ्बिस्कोची कैफियत

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या तालमीत, जोर-बैठका आटोपून मंडळी हौद्याच्या काठावर घाम पुशीत बसली आणि गामा पहिलवानाचा विषय निघाला, की त्यापाठोपाठ आणखी एक नाव, उच्चाराला अवघड आणि म्हणूनच गावोगाव निरनिराळ्या रूपांत फिरणारे, हटकून निघते. ते नाव पोलंडच्या स्टानिस्लाउस झ्बिस्कोचे. वस्तादांच्या मुखातून ही हकीकत ज्या स्वरूपात पुढच्या पिढीकडे जाते, त्या स्वरूपात झ्बिस्को हा लंडनमध्ये गामाच्या धाकाने अडीच तास जमिनीला चिकटून राहिलेला, पुढच्या शनिवारी गैरहजर राहिलेला आणि अखेर पतियाळाच्या मातीत मिनिट भरण्याच्या आत आस्मान पाहिलेला गोरा मल्ल एवढाच उरतो. या तिन्ही गोष्टी घडल्या, यात शंका नाही. परंतु ज्या व्यवहारात त्या घडल्या तो व्यवहार बाजूला ठेवून त्या सांगितल्या, म्हणजे एका असामान्य मल्लाचे चित्र अर्धेच रेखाटले जाते, आणि धंदेवाईक कुस्तीच्या आरंभकाळी जगज्जेतेपदाचे जे तंटे माजले त्यांचे मर्मही वाचकाच्या हाती लागत नाही. त्या काळातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या तंट्यात झ्बिस्को कोठे ना कोठे उभा आहे. बहुतेक वेळा हरलेल्या बाजूस, एकदा लबाडाच्या बाजूस आणि एकदा, माझ्या मते, पुऱ्या इभ्रतीने.

ज्या काळी तो उदयास आला, त्या काळी ‘जगज्जेता’ हा किताब युरोप-अमेरिकेत सर्वतोमुखी झाला होता, परंतु तो देण्याचा अगर काढून घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे असे मंडळ, दरबार अथवा पंचायत कोठेही नव्हती. शिवाय कुस्तीची पद्धतही एक नव्हती. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात घालण्यास मज्जाव, लँकेशायरकडच्या ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ कुस्तीत पट काढण्यापासून पाय पिरगाळण्यापर्यंत सर्व काही ग्राह्य, आणि आयरिश लोकांनी अमेरिकेत रुजवलेल्या तिसऱ्या पद्धतीत एक हात प्रतिस्पर्ध्याच्या गळपट्टीला व दुसरा कोपराला धरून झुंजायचे. यांपैकी ज्या पद्धतीत आपली मात्रा चाले, त्या पद्धतीचा आग्रह धरून प्रत्येक जण आपली गादी सांभाळीत बसे. न्यूयॉर्कच्या पोलीस दलात नोकरी केलेला विल्यम मल्डून हा १८८० पासून ग्रीको-रोमनचा जेता म्हणवला जाई. त्याची आणि क्लॅरन्स व्हिस्लर नावाच्या मल्लाची जानेवारी १८८१ मध्ये न्यूयॉर्कला जी कुस्ती झाली ती सुमारे आठ तास चालूनही एकाचीही पाठ जमिनीला लागली नाही, आणि जेत्याला कोणी पाडले नाही एवढ्या आधारावर गादी मल्डूनकडेच राहिली.

आव्हानाचा रिवाज मात्र मोठा बांधेसूद होता. आव्हान देणाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहायचे आणि त्यासोबत ठरावीक रक्कम संपादकाकडे अनामत ठेवायची. प्रतिपक्षाने तितकीच रक्कम भरली, म्हणजे दोघांचे मुखत्यार समोरासमोर बसून करारनामा करीत, आणि त्या करारनाम्यात कुस्ती कोणत्या पद्धतीची, तीन चितींपैकी दोन कोणाच्या की एकाच चितीवर फैसला, गळा आवळण्याचा डाव ग्राह्य की वर्ज्य, वेळेची मुदत आहे की नाही, पंच कोण आणि दरवाज्यावर जमलेल्या पैशाची वाटणी कशी, हे सारे कलमवार लिहिले जाई. न्यूयॉर्कच्या ‘पोलीस गॅझेट’ या साप्ताहिकाचा मालक रिचर्ड फॉक्स जेत्यांसाठी पट्टे घडवून देई. पण संपादक हा अनामतदार होता, न्यायाधीश नव्हता, आणि साप्ताहिकाचा पट्टा साप्ताहिकाच्या वाचकांपुरताच बंधनकारक होता. आपल्याकडे पेशवाईत पाटीलकीच्या वतनाचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि दोन्ही भाऊबंदांच्या पेटीत आपापल्या हक्काचे कागद निघत, हे जुन्या दप्तरांवरून दिसते; पण तेथे निदान गोतसभा बसे, साक्षी-पुरावे होत आणि महजर लिहिला जाई. जगज्जेतेपदाच्या कज्ज्यात कागद दोन्ही बाजूंना होते आणि गोतसभा मात्र नव्हती. म्हणून हरलेला मल्ल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा जेता म्हणवू शके, आणि लोकही त्याला तिकीट काढून पाहायला येत. तंटा मिटण्यात व्यवस्थापकांचे नुकसान होते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण मिटलेल्या तंट्यावर दुसरी कुस्ती लागत नाही.

या अराजकात सर्वमान्यतेच्या अगदी समीप पोहोचलेला पहिला पुरुष म्हणजे जॉर्ज हॅकेनश्मिट. रशियन साम्राज्यातील एस्टोनियात, दोर्पात येथे जन्मलेला हा मल्ल १९०२ मध्ये लंडनला आला आणि तेथल्या नाट्यगृहांत, गाण्या-नाचण्याच्या कार्यक्रमांच्या मधोमध, आव्हाने देत व घेत त्याने इंग्लंडात कुस्तीचे वेड लावले. ३० जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात अहमद मद्राली या तुर्की मल्लाला त्याने मिनिटाच्या आत असे आपटले की त्या बिचाऱ्याचा हात सांध्यातून निखळला. आणि ४ मे १९०५ रोजी न्यूयॉर्कमध्ये, अमेरिकनांच्या आवडत्या मुक्त पद्धतीत, त्यांच्या टॉम जेंकिन्सला पाडून त्याने दोन्ही खंडांची मान्यता मिळवली. तो वाचनाची गोडी असलेला, शरीरसाधनेवर ग्रंथ लिहिणारा, सौम्य वृत्तीचा मनुष्य होता. त्याच्या वाट्याला आलेला प्रतिस्पर्धी याच्या अगदी उलट प्रकृतीचा निघाला.

फ्रँक गॉच हा आयोवा प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा. ‘फार्मर’ बर्न्स या नाणावलेल्या वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला आणि पायाचा पंजा धरून घोट्यातून पिरगाळण्याच्या डावात निष्णात असलेला हा मल्ल पंचाच्या सहनशीलतेची मर्यादा नेमकी कोठे आहे हे पाहून तेथपर्यंत जाण्यास कधी कचरत नसे. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत या दोघांची जोड लागली. दोन तासांपर्यंत दोघेही उभ्यानेच झुंजत राहिले. गॉच आपला सारा भार हॅकेनश्मिटच्या मानेवर टाकून त्याला कठड्याकडे रेटीत होता, आणि हॅकेनश्मिट पुनःपुन्हा पंचाकडे वळून तक्रार करीत होता की, याच्या अंगाला तेल आहे, हा अंगठा डोळ्यात घालतो आहे, नखे लावतो आहे. पंच एड स्मिथ याने कुस्ती थांबवली नाही. दोन तास उलटल्यावर गॉच त्याच्या पाठीमागे गेला, त्याने पायाला हात घातला, आणि तो भयंकर डाव बसण्यापूर्वीच हॅकेनश्मिटने ती चीत गॉचला देऊन टाकली. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या चितीसाठी बोलावणे आले तेव्हा त्याने खोलीबाहेर येण्यासही नकार दिला. त्यानंतर प्रथम त्याने गॉचची स्तुती केली आणि युरोपास परतल्यावर तेलाची व नखांची फिर्याद जाहीर केली. गॉच रांगडेपणाने लढला, हे मला संभवनीय वाटते. परंतु जो फिर्यादी आपल्या मुखाने आपला हक्क सोडून देतो आणि मग हक्क गेल्याचे गाऱ्हाणे मांडतो, त्याच्या बाजूने निवाडा देणे कोणत्याही पंचाला जड जाईल. ४ सप्टेंबर १९११ रोजी शिकागोच्याच कोमिस्की पार्कच्या मैदानावर, सुमारे ३०,००० लोकांपुढे, फेरकुस्ती झाली, तेव्हा सरावात दुखावलेला गुडघा घेऊन उतरलेला हॅकेनश्मिट अवघ्या वीस मिनिटांत दोनदा चीत झाला, आणि तो गुडघा कोणी व कसा दुखावला यावरून पुढे कित्येक वर्षे आरोप होत राहिले.

या दोन कुस्त्यांच्या दरम्यान झ्बिस्को अमेरिकेत आला. क्राकोजवळ, म्हणजे त्या वेळच्या ऑस्ट्रियाच्या अमलाखालील पोलंडात, १८८० च्या सुमारास जन्मलेला हा मल्ल उंचीने बेताचा, पण अडीचशे पौंडांहून अधिक वजनाचा, मान आणि खांदे एकजीव झालेला असा होता, आणि त्याला खाली आणणे एक वेळ शक्य असले तरी खाली आणून उलटणे हे युरोपातील कोणाही मल्लाला सहसा साधत नसे. २५ नोव्हेंबर १९०९ रोजी बफेलो शहरी गॉचने त्याच्याशी अशा शर्तीची कुस्ती पत्करली की, एका तासात गॉचने त्याला दोनदा चीत करावे, नाही तर गॉच हरला असे समजावे. तास संपला तेव्हा गॉचला एकही चीत करता आलेली नव्हती. शर्तीप्रमाणे झ्बिस्को जिंकला. परंतु शर्तीची कुस्ती ही गादीची कुस्ती नव्हे, या न्यायाने गादी जेथल्या तेथे राहिली. पाडू न शकणारा जेता आणि न पडणारा आव्हानकर्ता अशी ती विलक्षण अवस्था होती, आणि तिचा निकाल लावण्यासाठी १ जून १९१० रोजी शिकागोत दोघांना पुन्हा समोरासमोर आणण्यात आले.

त्या दिवशी जे घडले ते कुस्तीच्या इतिहासात मला सर्वांत अधिक खटकते. पंचाने इशारा दिला आणि झ्बिस्को, युरोपातील रिवाजाप्रमाणे, हस्तांदोलनासाठी उजवा हात पुढे करून मध्यभागी आला. गॉचने तो हात न घेता वाकून थेट पायांवर झडप घातली, आणि झ्बिस्कोचा हात हवेतच असता त्याचे खांदे सतरंजीला टेकले. सारा व्यवहार अवघ्या सहा-सात सेकंदांचा. झ्बिस्कोच्या पक्षाने आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला, आणि पुढची चीतही गॉचने सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांत मिळवली. ज्या मातीत सलामी झाल्याखेरीज अंगाला हात लावणे हे हीनपणाचे समजले जाते, तेथल्या वाचकाला या प्रसंगाचे स्वरूप अधिक विशद करून सांगण्याची गरज नाही. करारनाम्यात हस्तांदोलनाचे कलम नव्हते, हा गॉचचा बचाव कायद्याने निरुत्तर करणारा होता; आणि ज्या खेळात कायद्याच्या बाहेर काहीच पवित्र उरत नाही, त्या खेळाची अधोगती किती जवळ आली आहे हे त्या सहा सेकंदांत स्पष्ट दिसून आले.

यानंतर जेमतेम सव्वातीन महिन्यांनी झ्बिस्कोची गाठ गामाशी पडली. ही तारखांची जवळीक आपल्या तालमींतील कथेत कधी येत नाही, आणि मला तीच फार महत्त्वाची वाटते.

आर. बी. बेंजामिन या व्यवस्थापकाने १९१० च्या वसंतात गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष, अहमदबक्ष आणि गामू या चौघांना लंडनला नेले होते. हिंदी मल्ल युरोपात जाण्याची ती पहिली वेळ नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी पंडित मोतीलाल नेहरूंच्या आश्रयाने गुलाम पहिलवान तिकडे जाऊन आला होता. गामाची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास आणि वजन सुमारे दोनशे पौंड, तेव्हा तिकडच्या भारदस्त मल्लांच्या पंगतीत तो प्रथमदर्शनी कोणाच्या नजरेत भरला नाही. ८ ऑगस्ट रोजी अलहंब्रा नाट्यगृहात अमेरिकन मल्ल डॉक्टर बेंजामिन रोलर याला त्याने प्रथम दोन मिनिटांच्या आत आणि नंतर दहा मिनिटांच्या आत चीत केले, इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला दोन्ही चिती मिळून चार-पाच मिनिटांत लोळवले, आणि मग मात्र लंडनची वर्तमानपत्रे जागी झाली. होरेशियो बॉटम्लीच्या ‘जॉन बुल’ साप्ताहिकाने पट्टा आणि अडीचशे पौंड लावले, आणि १० सप्टेंबर १९१० रोजी व्हाइट सिटीच्या मैदानावर गामा व झ्बिस्को यांची निकाली कुस्ती ठरली.

पहिल्या मिनिटातच गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर जे झाले त्यास झुंज म्हणणे कठीण आहे. झ्बिस्को पोटावर पालथा, हातपाय पसरलेला, आणि पन्नास पौंडांनी हलका असलेला गामा त्याच्या पाठीवर. कधी मानेखाली हात घालतो आहे, कधी मनगट ओढतो आहे, कधी कमरेत हात घालून उचलू पाहतो आहे, आणि दर वेळी तो प्रचंड देह तसूभर हलून पुन्हा पूर्ववत बसतो आहे. सुमारे अडीच तास हे चालले. १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या त्या अफाट मैदानाच्या दूरच्या बैठकांवरून पाहणाऱ्यांना मध्यभागी दोन निश्चल आकृतींखेरीज काय दिसले असेल, याची कल्पना करता येते. अंधार पडू लागला तेव्हा कुस्ती तहकूब करून पुढच्या शनिवारची, १७ सप्टेंबरची, तारीख देण्यात आली. त्या दिवशी गामा हजर राहिला, झ्बिस्को राहिला नाही. एकतर्फी निवाडा होऊन पट्टा आणि रक्कम गामाला मिळाली.

आता या वर्तनाचा विचार करू. पालथे पडून बचाव करणे हे त्या पद्धतीच्या नियमांत बसत होते, आणि मातीतल्या कुस्तीतही खाली गेलेला मल्ल हाच मार्ग पत्करतो. ज्याची पाठ लागली नाही तो पडला नाही, हा नियम गामाच्या मातीचाही आहे. सव्वातीन महिन्यांपूर्वी उभ्याने आणि विश्वासाने पुढे गेल्याचे जे फळ त्याला शिकागोत मिळाले होते, त्याची आठवण त्या अडीच तासांत त्याच्या मनातून एक क्षणही गेली नसेल, असे मी समजतो. लंडनच्या मैदानावर झ्बिस्को जसा लढला त्यात गॉचचा वाटा आहे. शिवाय पन्नास पौंडांनी हलका मनुष्य आपल्याला उभ्याने आवरत नाही हे पहिल्या मिनिटात ओळखून त्याने उरलेला वेळ आपल्या एकमेव बळावर काढला, यात भीती असली तरी तीत हिशेबही आहे. पण १७ तारखेच्या गैरहजेरीचे समर्थन मला करता येत नाही आणि करण्याची इच्छाही नाही. ज्याला कुस्ती अनिर्णित ठेवण्याचा हक्क हवा, त्याने तारखेला हजर राहण्याचे ऋण फेडलेच पाहिजे. ते न फेडता तो निघून गेला, आणि हिंदुस्थानात त्याच्या नावाला जो डाग लागला तो त्याने स्वतः लावून घेतलेला आहे.

गामाच्या हाती पट्टा आला, तरी जगज्जेतेपद आले की नाही याचा निवाडा कोणी करायचा? अमेरिकेत गॉच जगज्जेता होता. गामाची त्याच्याशी गाठ कधीच पडली नाही, आणि हॅकेनश्मिटशीही पडली नाही. अर्थात आपल्याकडेही किताबांचे वाद नव्हते असे कोणी समजू नये. रुस्तुम-ए-हिंद कोण, हा प्रश्न गामा आणि गुजरानवाल्याचा धिप्पाड रहीमबक्ष सुलतानीवाला यांच्यात कित्येक वर्षे लोंबकळत होता, त्यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटत होत्या, आणि लंडनहून परतल्यावर अलाहाबादेत गामाने त्याचा अंतिम निकाल लावला. फरक इतकाच की, येथे कुस्ती लावणारा संस्थानिक असे. मल्लांचा खुराक त्याच्या खजिन्यातून जाई, तिकिटांच्या विक्रीवर त्याचे काही अडत नसे, आणि म्हणून तंटा लांबवण्यात त्याला लाभ नव्हता. १९०२ साली युरोपचा प्रवास करून आलेल्या शाहू छत्रपतींनी रोमच्या प्राचीन रंगभूमीची प्रेरणा घेऊन कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले आणि १९१२ मध्ये ते इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने सुरू झाले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्या मैदानाची रचना न्यायाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मध्यभागी हौदा आणि सभोवार क्रमाक्रमाने चढत जाणारी बैठक. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही मातीला पाठ लागली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि हजारो साक्षीदारांसमक्ष झालेल्या चितीबद्दल पंचालाही खोटे बोलण्याची सोय उरत नाही. दोनच वर्षांपूर्वी व्हाइट सिटीत आपल्या भावाची कुस्ती तहकूब झालेली ज्याला ठाऊक होती, त्या इमामबक्षाने या मैदानाचा शुभारंभ करावा, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

अमेरिकेत पुढे जे झाले ते थोडक्यात सांगितले तरी चालेल. गॉचने १९१३ मध्ये गादी सोडली आणि डिसेंबर १९१७ मध्ये, अवघ्या चाळिशीत, तो वारला. गादीवर अनेकांनी दावे लावले, जुलै १९१५ मध्ये ओमाहा येथे जो स्टेकरने चार्ली कटलरला पाडून ते बरेचसे मिटवले, आणि वर्षभराने, ४ जुलै १९१६ रोजी, त्याच ओमाहात स्टेकर आणि एड ‘स्ट्रँग्लर’ लुइस यांची कुस्ती सुमारे पाच तास रेंगाळून अंधारामुळे बरोबरीत सोडवावी लागली. लुइसने तो सारा वेळ मागे सरण्यात घालवला. व्हाइट सिटीत झ्बिस्कोने केले तेच त्याने उभ्याने केले, आणि तरीही अमेरिकेत त्याची गणना श्रेष्ठ मल्लांत होते. महायुद्धाच्या काळात रशियात अडकून पडलेला झ्बिस्को युद्धानंतर अमेरिकेत परतला आणि ६ मे १९२१ रोजी, वयाची चाळिशी उलटल्यावर, न्यूयॉर्कमध्ये त्याच लुइसला हरवून तो जगज्जेता झाला. ३ मार्च १९२२ रोजी विचिटा येथे गादी पुन्हा लुइसकडे गेली.

परंतु या सुमारास गादीचा अर्थच बदलत चालला होता. लुइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीचा सारा धंदा आपल्या मुठीत आणला होता, आणि कोणी कोणाकडून कधी पडायचे हे आता खोलीत बसून ठरत होते. पाच-पाच तासांच्या निश्चल कुस्त्यांना प्रेक्षक विटले होते, हे त्याचे कारण; ज्या रोगावर हे औषध काढले तो रोग खरा होता, हे मान्य केले पाहिजे. ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटीत या मंडळींनी वेन मन नावाच्या, साडेसहा फूट उंचीच्या, नेब्रास्का विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूला लुइसवर विजय मिळवू दिला. मनला कुस्ती येत नव्हती. त्याच्या कीर्तीला बळकटी यावी म्हणून झ्बिस्कोसारख्या जुन्या मल्लाने त्याच्यापुढे पडावे अशी योजना होती, आणि फेब्रुवारीत एकदा तो ठरल्याप्रमाणे पडलाही. १५ एप्रिल रोजी फिलाडेल्फियात तो पुन्हा समोर आला, तेव्हा त्याने आतून प्रतिस्पर्धी गटाशी संधान बांधले होते; घंटा झाली, आणि पंचेचाळिशीच्या त्या मल्लाने, एकदाच का होईना, खरी कुस्ती केली. मन वारंवार खाली जात होता, खांदे वारंवार टेकत होते, आणि अखेर पंचाला चीत दिल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. विश्वासघातातून मिळालेली ती गादी झ्बिस्कोने ३० मे रोजी सेंट लुइस येथे स्टेकरच्या हवाली केली. त्याच दिवशी, इंडियानातील मिशिगन सिटीत, फिलाडेल्फियाची हार मुळी झालीच नाही असे धरून, लुइसने मनकडून ‘जगज्जेतेपद’ परत घेतले. एकाच तारखेला दोन शहरांत दोन जगज्जेते झाले, आणि दोघांच्याही समर्थकांना आपापला जेता खरा वाटला.

या फिलाडेल्फियाच्या प्रकरणात झ्बिस्कोची बाजू मला घेता येत नाही. तो पैशासाठी पडला आणि पैशासाठीच उठला. मात्र त्या संध्याकाळी दुसरी एक गोष्ट सिद्ध झाली, आणि ती कोणत्याही गटाच्या ताब्यात नव्हती: खरी कुस्ती ज्याला येते त्याच्यापुढे ठरवून केलेला जेता उभा राहू शकत नाही.

यानंतर तीन वर्षांनी झ्बिस्को हिंदुस्थानात आला. त्याला येण्याचे कोणतेही बंधन नव्हते. १९१० चा कज्जा लंडनच्या कागदावर निकालात निघालेला होता, त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते, आणि अमेरिकेत ठरवून केलेल्या कुस्त्यांवर त्याचा चरितार्थ सुखाने चालू होता. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी ही कुस्ती लावली, आणि ती लावली हिंदी पद्धतीने: सतरंजी नाही, खणलेली माती, तीनपैकी दोन चिती नाहीत, एकदा खांदे लागले की फैसला. म्हणजे ज्या दोन आधारांवर झ्बिस्कोने आयुष्यभर आपले बळ उभारले होते, ते दोन्ही त्याने प्रतिपक्षाला आधीच देऊन टाकले. २९ जानेवारी १९२८ रोजी हजारोंच्या समुदायापुढे दोघे हौद्यात उतरले. दोघेही वृद्धत्वाकडे झुकलेले, पण या वेळी झ्बिस्को पालथा पडला नाही. तो उभ्याने सामोरा गेला, दोघे भिडले, आणि एक मिनिट भरण्यापूर्वी तो पाठीवर पडलेला होता. महाराजांनी गामाला चांदीची गदा दिली, आणि झ्बिस्कोने आपल्याला पाडणाऱ्याचा वाघ म्हणून गौरव केला.

ज्याने लंडनला तारीख चुकवली, त्याने अठरा वर्षांनी पतियाळाला ती भरून दिली, असे मी समजतो. उभ्याने लढला नसता तर तो कदाचित आणखी अडीच तास टिकला असता आणि पुन्हा एकदा अनिर्णिताचा आधार घेऊन परत गेला असता. ते त्याने केले नाही. गामाच्या विजयाला १९१० मध्ये जो पूर्णपणा आला नव्हता तो आणून देण्यात झ्बिस्कोचाही हात आहे, आणि तालमींतून गामाची कथा सांगताना त्याचा एवढा उल्लेख व्हावा, इतकीच या कैफियतीची मागणी आहे.

पतियाळाच्या कुस्तीनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, २० फेब्रुवारी १९२८ रोजी, सेंट लुइस येथे लुइसने स्टेकरला हरवून अमेरिकेतील दोन गाद्या एक केल्या. दुसऱ्या वर्षीच्या ४ जानेवारीला ती एक झालेली गादी बॉस्टनमध्ये गस सोनेनबर्ग नावाच्या आणखी एका फुटबॉलपटूकडे गेली आणि थोड्याच दिवसांत तिचे पुन्हा तुकडे झाले. गामाचा किताब मात्र पतियाळानंतर कोणी हिरावून घेतला नाही. १९६० साली लाहोरला त्याचे निधन झाले तोपर्यंत, आणि त्यानंतरही.